गंज आधी पाहा, मग लावा

मॉडेल किटचा खोका हौसेने विकत घेऊन तो माळ्यावर ठेवून दिलेले लोक मला बरेच भेटतात. त्यांना, आणि दुकानात खोका हातात घेऊन परत फळीवर ठेवणाऱ्यांनाही, एक आग्रहाचं सांगणं आहे. पहिली गाडी चकचकीत करायला घेऊ नका. लाल स्पोर्ट्स कार नको, काळी लिमोझिन तर नकोच. एखादी जुनी पिकअप घ्या आणि ती वीस-तीस वर्षं उन्हापावसात राबल्यासारखी करा.

कारण सरळ आहे. चकचकीत रंगात काही लपत नाही. धुळीचा कण, बोटाचा ठसा, सांध्यावर राहिलेली रेघ, सगळं वर दिसतं. मग माणूस रंग घासून काढतो, पुन्हा मारतो, पुन्हा घासतो, आणि कंटाळून खोका बंद करतो. राबलेल्या गाडीत हेच दोष खपून जातात, काही तर कामाला येतात. नवशिक्याच्या हाताला एवढी सवलत दुसऱ्या कुठल्या प्रकारात मिळत नाही.

पण जुनी गाडी म्हणजे कशीही केली तरी चालेल, असं मात्र समजू नका. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. नारिंगी रंगात ब्रश बुडवून गाडीभर ठिपके देतात आणि म्हणतात, झाली गंजून. ती गंजलेली दिसत नाही. तिला गोवर आल्यासारखा दिसतो. गंज कुठेही धरत नाही. त्याला जागा लागते, ओल लागते, कारण लागतं. ते कारण ज्याला कळलं त्याची गाडी दोन साध्या ब्रशांनीही खरी वाटते. ज्याला कळलं नाही त्याने महागडा एअरब्रश आणला तरी गाडी खेळण्यातलीच राहते.

उदाहरणाला एकच गाडी धरू, म्हणजे बोलणं नेमकं होईल. शेवरोलेची ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप. तिची ती गोलसर घडण अमेरिकेत १९४७च्या उन्हाळ्यात बाजारात आली आणि १९५५च्या सुरुवातीपर्यंत चालली. फुगीर मडगार्डं, सहा सिलिंडरचं इंजिन, मागे हौदा, हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या आणि फळ्यांच्या मधून पोलादी पट्ट्या. १९५३पर्यंत पुढची काच दोन तुकड्यांची. १९५० सालच्या गाडीचं एएमटी कंपनीचं किट १:२५ मापात येतं. खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११६ इंच. किटमध्ये ते जेमतेम १२ सेंटिमीटर भरतं. तळहातावर मावेल एवढी गाडी, पण तपशील दिसावेत इतकी मोठी. पहिल्या कामाला हे माप बरं.

एएमटी ही कंपनी १९४८ साली मिशिगनमध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायची. १९५८मध्ये तिने अशी किटं काढली की एकाच खोक्यातल्या भागांतून गाडी तीन प्रकारे जुळवता यावी: कारखान्यातून आली तशी, मालकाने हौसेने बदललेली, किंवा शर्यतीसाठी तयार केलेली. म्हणून किटमधल्या सूचनांच्या कागदाला पोथी मानायची गरज नाही. चाकं बदला, गाडी खाली बसवा, बंपर काढून टाका. हा छंद वाढला तोच असल्या खटाटोपावर.

आता मुख्य गोष्ट. खोका उघडण्याआधी गाडीची कुंडली मांडा. ती कुठे राहिली, कोणी चालवली, तिच्यात काय वाहिलं, शेवटी कुठे उभी राहिली? हे प्रश्न हौशी कल्पनाविलास वाटतात. पण रंगाचा प्रत्येक निर्णय यांच्यावरच ठरतो. ॲरिझोनात राहिलेली आणि मिशिगनमध्ये राहिलेली एकाच सालची पिकअप समोरासमोर उभी केली तर एका कारखान्यातल्या वाटणार नाहीत. ॲरिझोनात पाऊस जेमतेम, ऊन मरणाचं. तिथे टपाचा, बॉनेटचा आणि मडगार्डांच्या माथ्याचा रंग आधी पांढुरका पडतो, मग खडूसारखा सुटतो, खालचा प्रायमर दिसतो, त्याखालचा पत्राही दिसतो. त्या पत्र्यावर पातळ, तपकिरी, एकसारखा गंज चढतो. पण तो आत खात नाही. दारांच्या खालच्या बाजूला मूळ रंग चांगला टिकलेला असतो. मिशिगनमध्ये उलट. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी खालून उडतं, सांध्यांत शिरतं आणि गाडी खालून वर खात सुटतं. टपाचा रंग शाबूत, आणि केबिनच्या खालच्या कोपऱ्यांत बोट जाईल एवढी भोकं. अमेरिकेच्या मोटारधंद्याची राजधानी डेट्रॉइट याच राज्यात असावी, हा विनोदच म्हणायचा.

आपल्याकडे हे समजून घ्यायला अमेरिकेला जावं लागत नाही. देवगड-मालवणकडचा किनाऱ्यावरचा टेम्पो पाहा आणि सोलापूर-जत पट्ट्यातला पाहा. किनाऱ्यावर खारी हवा, चार महिने पाऊस, मासळीच्या टोपल्यांतून झिरपणारं पाणी. हौद्याचा पत्रा तळातून सडलेला. सोलापूरकडे रंग उडालेला, फिका, पण पत्रा ठणठणीत. जे शेवरोलेला झालं तेच आपल्या टाटा ४०७ला होतं. लोखंडाला मिशिगन काय नि मालवण काय, ओल आणि हवा मिळाली की ते गंजतं, आणि मीठ मिळालं की फार वेगाने गंजतं.

म्हणून रंग आणायच्या आधी जवळच्या गॅरेजात किंवा भंगारवाल्याकडे जा. विचारून जा, चहा पाजा, आणि मग निवांत पाहा. गाडी कुठलीही चालेल. पत्र्यावर पत्रा चढलेला आहे तिथे बघा: सांध्याच्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि सुकत नाही, म्हणून गंज फटीतून बाहेर येतो. दाराच्या खालच्या कडेला बघा, तिथली पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात. मडगार्डाच्या आतल्या खोबणीत माती साठते, ती महिनोन्महिने ओली राहते, म्हणून मडगार्ड मागच्या बाजूने, आतून सडतं आणि बाहेरचा रंग फुगतो. काचेच्या रबराखाली बघा. मग माणसाने केलेली झीज वेगळी पाहा: चालकाच्या दाराची वरची कड, जिथे कोपर टेकून टेकून रंग गेलेला असतो, दाराची मूठ आणि तिच्या भोवतीचे नखांचे ओरखडे, फूटबोर्डाचा मधला भाग, हौद्याच्या फाळक्याची वरची कड, जिच्यावरून माल ओढला जातो. बॉनेटच्या पुढच्या तोंडावर खडी लागून उडालेले टवके. गंज आणि झीज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. झिजलेली जागा रोज हाताळली जाते म्हणून ती गुळगुळीत आणि चकाकती असते. गंज तिथे असतो जिथे कोणाचा हात पोचत नाही.

मोबाइलवर फोटो काढा, पण नुसते फोटो काढून परतू नका. बोट फिरवून पाहा. जुना गंज गडद असतो, जवळजवळ चॉकलेटी, आणि त्याचे पापुद्रे निघतात. नारिंगी रंग ताज्या गंजाचा. तो थोडा असतो आणि बहुतेक ओघळांत असतो. एवढं एक सूत्र ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम झालं: गडद जास्त, मध्यम थोडा, नारिंगी चिमूटभर.

आता बांधणीकडे. भाग साच्याच्या चौकटीतून कटरने कापा, हाताने पिळून तोडू नका. रंगाआधी सगळे भाग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. सांध्यांना प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट, फटींना थोडी लांबी म्हणजे पुट्टी, मग चारशे आणि सहाशे नंबरचा पॉलिश पेपर. यात नवं काही नाही आणि किटच्या कागदावर ते चांगलं दिलेलं असतं, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

पत्र्याच्या जाडीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण सूचनांच्या कागदावर ती गोष्ट नसते. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा. किटचं प्लास्टिकही तेवढंच, काही ठिकाणी त्याहून जाड. म्हणजे गाडीच्या मापात ते २५ मिलिमीटर झालं. रणगाड्याला शोभेल असं. गंजून पडलेलं भोक तुम्ही सरळ पात्याने कोरलंत, तर त्याची जाड कड बघणाऱ्याला लगेच खटकते. म्हणून आधी आतल्या बाजूने खरवडा. गोल तोंडाची कोरणी किंवा पॉलिश पेपरची सुरळी घ्या आणि उजेडासमोर धरल्यावर प्लास्टिक पारदर्शक दिसू लागेपर्यंत घासत राहा. मग पात्याच्या टोकाने टोचून कडा वेड्यावाकड्या मोडा. केबिनचे मागचे खालचे दोन कोपरे आणि पुढच्या मडगार्डांची मागची खालची बाजू, या गाडीत खऱ्या अर्थाने सडणाऱ्या जागा याच. दोन्हीकडे सारखं भोक पाडू नका. खरी गाडी दोन्ही बाजूंनी सारखी कधीच सडत नाही.

पत्रा खडबडीत करायचा असेल तर पातळ सिमेंटचा हात द्या, प्लास्टिक मऊ झालं की जुन्या टूथब्रशने नुसतं टोचत राहा, आणि ओलं असतानाच वरून थोडा गेरू भुरभुरा. हो, तोच गेरू, दिवाळीत किल्ल्याला लावतात तो. परदेशी बाटलीतली गंजाची पूड महाग मिळते. गेरूचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे तो गंजाचा सख्खा भाऊच. मलमलीतून दोनदा गाळून घ्या, नाहीतर या मापात एकेक कण दगडाएवढा दिसतो. कोकणातली काव मिळाली तर तीही ठेवा, तिची छटा वेगळी. आणि धुळीसाठी मुलतानी माती. वाळवंटातल्या गाडीच्या चाकांच्या खाचांत आणि चासीवर मुलतानी मातीत चिमूटभर गेरू घालून जी धूळ मिळते, तिच्या तोडीची मी बाटलीतली पाहिलेली नाही.

रंगाचा क्रम खऱ्या आयुष्याच्या क्रमाच्या उलट चालतो. आधी गंज, मग रंग. सगळ्या कवचाला प्रायमर मारा. खऱ्या गॅरेजात वापरतात तसल्या रेडऑक्साइडच्या छटेचा मिळाला तर उत्तम. त्यावर स्पंजच्या तुकड्याने दोन-तीन तपकिरी छटा थापा, कुठेही एकसारखं करू नका. हे पूर्ण वाळलं की वरून पारदर्शक लॅकर मारून बंद करा, म्हणजे खालचा थर पुढच्या पाण्याने हलणार नाही. मग केसांना मारायच्या साध्या हेअरस्प्रेचे दोन हलके हात. तो वाळल्यावर वरून गाडीचा खरा रंग, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, पातळ थरात. अर्ध्या-एक तासाने ओला ब्रश फिरवा. हेअरस्प्रे पाण्याने विरघळतो, वरचा रंग पापुद्र्याने सुटतो आणि खालचा गंज उघडा पडतो. टवके टूथपिकने, घासलेल्या जागा ताठ ब्रशने. भंगारवाल्याकडचे फोटो समोर उघडे ठेवा आणि तिथे दिसलं होतं तिथेच घासा. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी घासायला गेलात तर रंग हट्टाने सुटत नाही, म्हणून हे एका बैठकीत उरका.

मिठाची रीत जुनी आहे आणि अजून चालते: पृष्ठभाग ओला करायचा, जाडं मीठ पसरायचं, वाळवायचं, वरून रंग मारायचा, मग मीठ घासून काढायचं. टपावरच्या मोठ्या उडालेल्या चट्ट्यांना ती चांगली. बारीक टवक्यांना हेअरस्प्रेच.

वरच्या छटांना तैलरंग वापरा. चित्रकलेच्या दुकानातल्या बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना या दोन नळ्या वर्षानुवर्षं पुरतात. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून काही तास ठेवा; तेल पुठ्ठा पितो आणि रंग मॅट वाळतो. मग जिथून ओघळ निघायला हवा तिथे सुईच्या टोकाएवढा ठिपका, आणि व्हाइट स्पिरिटने किंचित ओल्या केलेल्या ब्रशने वरून खाली ओढा. वरून खालीच. पाणी तिरकं वाहत नाही. या शेवरोलेत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असे आणि तिचं झाकण उजव्या बाजूला, दाराच्या मागे. त्या झाकणाखाली एक ओघळ द्याच. वर्षानुवर्षं सांडलेल्या पेट्रोलने तिथला रंग डागाळतो. असा एक ओघळ बघणाऱ्याला गाडीविषयी जेवढं सांगतो तेवढं दहा भोकांनी सांगता येत नाही.

क्रोमचे भाग किटमध्ये अतिशय झगमगीत येतात आणि गंजलेल्या गाडीवर ते हास्यास्पद दिसतात. घरातल्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवले तर मुलामा निघून जातो. मग हवा तसा रंग द्या. यातही आधार इतिहासाचा घ्या. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत क्रोमचा तुटवडा झाला आणि बऱ्याच पिकअपची जाळी व बंपर नुसत्या रंगातच निघाले. तुमची गाडी १९५२ची म्हणून बांधणार असाल तर क्रोमची कटकटच नाही. मात्र १९५१पासून दारांच्या काचांना पुढे छोटी त्रिकोणी वाऱ्याची काच आली, हे विसरू नका. जाणकार माणूस आधी तिथेच बघतो.

मराठी माणसाला या गाडीत एक खास वाट आहे, ती कोणी घेतलेली मला दिसत नाही. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना होता, १९२८ ते १९५४. शेवरोले गाड्या आणि ट्रक तिथे उभे राहत. तेव्हा तुमची ३१०० मुंबईची करायला काय हरकत आहे? स्टीअरिंग उजवीकडे न्यावं लागेल. त्यासाठी डॅशबोर्ड मधोमध कापून मीटरची बाजू उजवीकडे जोडायची, पेडल हलवायची, सांधा लांबीने भरायचा. काम किचकट आहे, अशक्य नाही. आणि मग झीजही बाजू बदलते, हे ध्यानात घ्या: अमेरिकेत कोपराने झिजलेलं दार डावं, मुंबईत उजवं. दारावर हाताने रंगवलेलं दुकानाचं नाव, देवनागरीत, निम्मं पुसलेलं. खरं दुकान कोणाचं वापरू नका. आजोबांच्या गावाचं नाव टाका. अक्षरं गाडीच्या रंगाबरोबरच, टवके काढण्याआधी लिहा, म्हणजे ती रंगासोबतच उडतील. नंतर लिहिलेली अक्षरं टवक्यांच्या वरून तरंगतात आणि सगळा भ्रम घालवतात.

हौद्याला खरं लाकूड लावायचा मोह होतो. आइस्क्रीमच्या काडीचे रेषे या मापात दोरखंडाएवढे दिसतात. त्यापेक्षा किटमधल्याच प्लास्टिकच्या फळ्यांवर करवतीच्या पात्याने लांबीच्या दिशेने हलके ओरखडे काढा, आधी वाळूच्या रंगाचा हात, मग राखाडी, मग पातळ काळपट तैलरंग. वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेलं पाइन तपकिरी नसतं, राखाडी असतं.

काचा शेवटी. वायपरच्या कमानीच्या आकाराची मास्किंग टेप कापून दोन्ही काचांवर लावा, मुलतानी मातीच्या रंगाचा अगदी उडता फवारा मारा, टेप काढा. काम पाच मिनिटांचं आणि गाडीत लगेच कोणीतरी बसून गेल्यासारखं वाटतं. धुळीची पूड मात्र सगळ्यात शेवटी, आणि तिच्यावर वार्निश मारू नका; मारलंत तर ती गडद होऊन नाहीशी होते. व्हाइट स्पिरिटच्या थेंबाने जागीच बसवा.

दोन गोष्टी सक्तीच्या. फवारा, थिनर, सिमेंट हे उघड्या खिडकीपाशी किंवा गच्चीत, मास्क लावून. जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको. आणि लहान मूल शेजारी बसणार असेल तर पातं तुमच्या हातात, रंग आणि गेरू त्याच्या हातात.

किट महाग वाटत असेल तर धातूची तयार ३१०० घ्या. मायस्टो कंपनीची याच मापात मिळते. खालचे स्क्रू किंवा रिव्हेट काढून ती उघडा, चकाकी पॉलिश पेपरने मारा, प्रायमर द्या आणि वर सांगितलं तसंच पुढे चला. भोकं पाडता येणार नाहीत, बाकी सगळं येईल. ॲरिझोनाची गाडी करायला ती उत्तम.

एअरब्रश आणि कॉम्प्रेसर नंतर बघू. आधी तीन गाड्या फवाऱ्याच्या डब्यावर आणि ब्रशवर होऊ द्या. दुकानदार वेगळं सांगेल. त्याचा तो धंदा आहे.

आणि थांबायला शिका. प्रत्येक बैठकीनंतर गाडी हातभर लांब ठेवून मोबाइलवर एक फोटो काढा. डोळा जे पोटात घालतो ते फोटो घालत नाही. फोटोत गाडी मापाची न वाटता खरी वाटली की त्या दिवशी ब्रश धुऊन ठेवा, जरी अजून एक ओघळ द्यावासा वाटला तरी.

तेव्हा येत्या रविवारी माळ्यावरचा खोका खाली काढा, पण लगेच उघडू नका. आधी कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाऊन या. त्याच्याइतकं गंजाविषयी कोणाला कळत नाही, आणि विचारलंत तर तो आनंदाने दाखवतो.